पंचगंगेकाठचा पोलंड : वळिवडे छावणीतील मुलांची आठ वर्षे

कोल्हापूर आणि मिरज यांना जोडणारा, 1891 साली सुरू झालेला लोहमार्ग कोल्हापूर सोडताच पंचगंगेच्या खोऱ्यातून पूर्वेकडे जातो आणि अवघ्या काही किलोमीटरांवर वळिवडे या गावापाशी येतो. ऊस, ज्वारी आणि गुऱ्हाळे यांच्या या मुलखात 1943 च्या पावसाळ्यात सुमारे 5,000 परकी माणसांची वसाहत वसली, आणि 1948 च्या आरंभी ती जशी आली तशी आगगाडीनेच निघून गेली. ही माणसे पोलंडमधील निर्वासित होती आणि त्यांच्यात बायका व मुले यांचाच भरणा होता, कारण त्यांच्यातील धडधाकट पुरुष एकतर सैन्यात होते, तुरुंगात होते किंवा जिवंत नव्हते. या वसाहतीचा राजनैतिक इतिहास लंडन, मॉस्को आणि सिमला येथील पत्रव्यवहारातून लिहिता येतो. पण तिच्यात राहिलेल्या मुलांच्या दृष्टीने पाहिले, तर तोच इतिहास वेगळ्या मापांनी मोजावा लागतो. राजदूतांच्या कागदांत सीमारेषा, करार आणि मान्यता यांचा हिशेब असतो, तर मुलांच्या लेखनात पावाचे तुकडे, बूट, उवा, आईचा ताप आणि वडिलांची न आलेली पत्रे यांचा.

मुलांचे असे लेखन विपुल प्रमाणात उपलब्ध आहे, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या पोलिश सैन्याने 1942 आणि 1943 या वर्षांत आपल्या सैनिकांकडून, तसेच इराण व पॅलेस्टाइन येथील पोलिश शाळांमधील विद्यार्थ्यांकडून हद्दपारीच्या हकीकती लिहून घेतल्या. वहीच्या पानांवर, शाळकरी अक्षरात, अनेकदा अशुद्ध पोलिश भाषेत लिहिलेले हे निबंध पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हूव्हर संस्थेत पोहोचले आणि त्यांतील निवडक निबंधांचे संपादन इरेना ग्रुद्झिन्स्का-ग्रॉस व यान ग्रॉस यांनी 1981 साली प्रसिद्ध केले. हे लेखन निर्हेतुक नव्हते, ही गोष्ट अभ्यासकाने विसरता कामा नये. पूर्व पोलंडवरचा सोव्हिएत हक्क खोटा आहे, हे जगाला दाखवण्यासाठी निर्वासित पोलिश सरकारला पुरावा हवा होता आणि मुलांना विषयही त्याच बेताने दिले गेले होते. तरीही बारा वर्षांच्या मुलाला राजकीय युक्तिवाद फार वेळ पेलत नाही. दोन ओळी तो मास्तरांना हव्या तशा लिहितो आणि तिसऱ्या ओळीत गोठ्यात राहिलेल्या गाईकडे वळतो. या हकीकतींचे मोल त्या तिसऱ्या ओळीत आहे.

1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले आणि 17 सप्टेंबरला, त्याच्या सुमारे महिनाभर आधी झालेल्या जर्मन-सोव्हिएत कराराच्या गुप्त कलमांनुसार, सोव्हिएत सेना पूर्वेकडून आत शिरली. पूर्वेकडचे प्रांत सोव्हिएत संघाला जोडल्यानंतर तेथील ‘अविश्वसनीय’ लोकसंख्या उचलून दूर नेण्याचे काम एनकेव्हीडी या गुप्त पोलिस खात्याकडे सोपवले गेले. पहिली मोठी हद्दपारी 10 फेब्रुवारी 1940 च्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत झाली. तिचा रोख मुख्यतः ‘ओसाद्निक’ कुटुंबांवर होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या लढायांतील निवृत्त सैनिकांना पूर्व सीमेवर जमिनी देऊन वसवले होते, त्यांना पोलिश भाषेत ओसाद्निक म्हणत. त्यांच्याबरोबर वनरक्षकांची कुटुंबेही उचलली गेली. मुलांच्या हकीकतींत ही पहाट जवळजवळ एकाच क्रमाने येते : दारावर धक्के, बंदूकधारी माणसे, वडिलांना भिंतीकडे तोंड करून उभे करणे, सामान बांधायला अर्धा-एक तास, आणि काय घ्यावे हे न सुचून घरभर फिरणारी आई. एखादा कनवाळू शिपाई गरम कपडे आणि पीठ घ्या असे हळूच सुचवी, तर दुसरा काहीच घेऊ देत नसे. एवढ्या एका फरकावर पुढे काही घरांची मुले जगली आणि काही घरांची दगावली. सोव्हिएत कागदपत्रांनुसार या एका फेरीत सुमारे 1,40,000 माणसे हलवण्यात आली. 1941 च्या जूनपर्यंत अशा चार फेऱ्या झाल्या आणि हीच कागदपत्रे हद्दपारांची एकूण संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास दाखवतात; युद्धकाळातील पोलिश अंदाज याच्या कितीतरी पट होते.

एप्रिल 1940 मधील दुसरी फेरी वेगळ्या कारणाने लक्षात ठेवावी लागते. 13 एप्रिलला उचलली गेलेली कुटुंबे ही आधीच अटकेत असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांची, पोलिसांची, शिक्षकांची आणि सरकारी नोकरांची होती, आणि त्यांची रवानगी कझाकस्तानात झाली. त्याच एप्रिल-मे महिन्यांत कातिनच्या जंगलात व इतर ठिकाणी सुमारे 22,000 पोलिश कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. म्हणजे वडिलांचा अंत आणि मुलांचा रेल्वेप्रवास एकाच वेळी चालू होता आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. या मुलांच्या पुढच्या लेखनात वसंतात वडिलांची पत्रे बंद झाल्याची नोंद असते आणि त्यापुढे बहुतेक वेळा कारण लिहिलेले नसते. ते कारण जगापुढे यायला 1943 चा एप्रिल उजाडावा लागला, आणि ते अधिकृतपणे कबूल व्हायला 1990.

प्रवास मालगाडीच्या डब्यांतून होई. दोन्ही बाजूंना फळ्यांचे माळे, मधे लोखंडी शेगडी आणि जमिनीला पाडलेले एक भोक, अशी त्या डब्याची रचना असे. शौचासाठी एवढीच सोय होती, आणि तिच्याबद्दल वाटलेली लाज भुकेपेक्षाही अधिक काळ मुलींच्या लक्षात राहिली, हे त्यांच्या आठवणी वाचताना जाणवते. हा प्रवास दोन ते चार आठवड्यांचा असे. वाटेत दगावलेली तान्ही मुले एखाद्या थांब्यावर बर्फात ठेवून गाडी पुढे जाई. पोचण्याचे ठिकाण आर्खान्गेल्स्कचे जंगल असो, सायबेरिया असो वा कझाकस्तानचे गवताळ माळरान, पोलिश लोक या सगळ्याला मिळून ‘सिबिर’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात रशियाच्या झारने पोलिश बंडखोरांना तिकडे पाठवले तेव्हापासून हा शब्द त्यांच्या भाषेत भूगोलापेक्षा शिक्षेचा निदर्शक झाला आहे.

जंगलात मोठ्या माणसांना झाडे तोडावी लागत आणि कोलखोज म्हणजे सामुदायिक शेतीवर पेरणी, खुरपणी व गुरे यांची कामे असत. ‘नोर्मा’ म्हणजे ठरवून दिलेले काम पुरे झाले तरच पुरा पाव मिळे, आणि हा पाव ग्रॅममध्ये मोजला जाई. काम न करणाऱ्याने खाऊ नये, हे तत्त्व 1936 च्या सोव्हिएत राज्यघटनेतच लिहिलेले होते. त्यामुळे आजारी आईचा वाटा कमी होई आणि दहा-बारा वर्षांचे पोर तिच्या जागी कामाला उभे राही. सत्त्वहीन अन्नामुळे मुलांना रातांधळेपणा येई व संध्याकाळ झाली की धाकट्याला हात धरून न्यावे लागे. कझाकस्तानात झाडे नसल्याने जळण म्हणून वाळवलेले शेण वापरत आणि त्याला ‘किझ्याक’ म्हणत. कोल्हापूरकडे भिंतींवर थापलेल्या शेण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही, पण गव्हाच्या शेतांच्या आणि लाकडी घरांच्या मुलखातून आलेल्या मुलींनी ते हाताने मळून थापणे ही त्यांच्या लेखी अधोगतीची खूण होती. शाळा होती, पण रशियन भाषेची आणि देव नाही असे शिकवणारी. मुलांना आधी देवाकडे आणि मग स्टालिनकडे मिठाई मागायला सांगायचे व दुसऱ्या मागणीनंतर खाऊ वाटायचा, हा प्रसंग इतक्या निरनिराळ्या ठिकाणच्या आठवणींत येतो, की त्यातला काही भाग मुलांनी एकमेकांकडून ऐकून आपलासा केला असावा. तरी त्यामागची भीती उसनी नव्हती : ज्याच्याकडे पाव त्याच्याकडे देव, असा तो हिशेब होता.

22 जून 1941 रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केल्याने सगळी मांडणी उलटली. लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात 30 जुलैला करार झाला, हद्दपारांना ‘माफी’ जाहीर झाली आणि तुरुंगातून नुकतेच सुटलेले जनरल व्वादिस्वाव आंदेर्स यांच्या हाताखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभारायचे ठरले. गुन्हा न केलेल्यांना माफी, हा शब्द पोलिश लोकांना आजही बोचतो. ही बातमी ज्या ज्या वस्तीवर पोचली तेथून माणसे दक्षिणेकडे, उझबेकिस्तानातील सैन्याच्या तळांकडे निघाली, कारण सैन्य म्हणजे शिधा आणि बाहेर पडण्याची आशा. पण याच प्रवासाने अनेकांचा घास घेतला. उवांमुळे पसरणारा टायफस आणि हगवण यांनी वसाहतीच्या वसाहती ओस पाडल्या. सैन्याने आपल्या मर्यादित शिध्यातून अनाथालये उघडली आणि तेथे घडलेली एक गोष्ट या सगळ्या इतिहासात सर्वांत अवघड आहे : काही आयांनी आपली जिवंत असलेली मुले अनाथ म्हणून तेथे सोडली. अनाथालयाच्या यादीत नाव असलेले मूल देशाबाहेर जाण्याची शक्यता अधिक होती, हे त्यांना कळले होते. मुलाच्या बाजूने पाहिले तर आईने आपल्याला दारात उभे केले आणि ती मागे न पाहता गेली, एवढेच दिसते. तिने मागे का पाहिले नाही, हे पुष्कळांना स्वतः आईबाप झाल्यावर उमगले.

1942 च्या मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट या दोन टप्प्यांत सुमारे 1,15,000 पोलिश माणसे कास्पियन समुद्रावरील क्रास्नोवोद्स्क बंदरातून गच्च भरलेल्या जहाजांनी इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांतील सुमारे 40,000 सैन्याबाहेरचे लोक होते आणि त्यांत जवळजवळ निम्मी मुले होती. पहलवीच्या वाळूवर त्यांचे केस भादरले गेले, कपडे जाळले गेले आणि अंघोळीनंतर नवे कपडे मिळाले. मुलांच्या आठवणीत येथे प्रथमच रंग येतात : निळा समुद्र, खजूर, उकडलेली अंडी. या सुखातही मरण दडलेले होते, कारण महिनोन् महिने उपाशी राहिलेल्या पोटांना चरबीचे मांस सोसले नाही आणि बंदराजवळच्या दफनभूमीत पोचल्यानंतर मेलेल्या मुलांचीही भर पडली. इस्फहानमध्ये मुलांसाठी इतकी वसतिगृहे निघाली, की पोलिश लोक त्या शहराला पोलिश मुलांचे शहर म्हणू लागले. मात्र इराण हा थांबा होता, मुक्काम नव्हे. पुढची वाट पूर्व आफ्रिकेकडे, मेक्सिकोकडे, न्यूझीलंडकडे, पॅलेस्टाइनकडे आणि हिंदुस्थानकडे फुटत होती.

हिंदुस्थानात आलेली पहिली मुले मात्र या समुद्रवाटेने आली नव्हती. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनिउश बानासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी मदतसामान घेऊन मालमोटारींचा एक ताफा थेट सोव्हिएत हद्दीतील अश्गाबादपर्यंत पाठवला होता आणि परतताना 1942 च्या वसंतात त्याच गाड्यांतून दीडशेहून अधिक मुले मशहद, झाहिदान या मार्गाने बलुचिस्तानात आणण्यात आली. पोलंडची लोकप्रिय गायिका हांका ओर्दोनुव्ना हिने या मुलांची जबाबदारी घेतली होती. तिच्या आठवणींचे पुस्तक पुढे 1948 साली बैरुतमध्ये टोपणनावाने निघाले. मुले काही महिने मुंबईत वांद्र्याला राहिली आणि मग काठेवाडात नवानगर संस्थानातील बालाचडी येथे, समुद्राकाठी उभारलेल्या छावणीत गेली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे त्या वेळी नरेंद्र मंडळाचे, म्हणजे संस्थानिकांच्या अखिल भारतीय सभेचे अध्यक्ष आणि साम्राज्याच्या युद्ध मंत्रिमंडळातील हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते. त्यांनी जागा दिली, इतर संस्थानिकांनी व देणगीदारांनी पैसा दिला आणि सुमारे 1,000 मुले 1942 ते 1946 या काळात या छावणीत राहून गेली.

मुलांनी जामसाहेबांना ‘बापू’ म्हणावे, असे त्यांनीच सांगितले होते. काठेवाडात राजपूत सरदाराला प्रजेने बापू म्हणण्याची रीत जुनीच आहे, त्यामुळे स्थानिकांच्या कानाला त्यात वावगे काही नव्हते. पण वडिलांचा पत्ता नसलेल्या मुलांना त्या शब्दाचा अर्थ ‘बाप’ असा समजावून दिला गेला आणि त्यांनी तो अक्षरशः घेतला. बालाचडीच्या आठवणींत एक लहानसा संप वारंवार येतो : मुलांनी पालक खाण्यास नकार दिला आणि ही तक्रार जामसाहेबांच्या कानावर गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात पालक शिजवणे बंद करवले. प्रसंग क्षुल्लक खरा. पण दोन वर्षांपूर्वी बटाट्याच्या साली उकडून खाणाऱ्या पोरांनी भाजी नको म्हणून हट्ट करावा, यात त्यांची प्रकृती किती सुधारली हे वैद्यकीय अहवालापेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

इराणमधून समुद्रमार्गे कराचीला आणि तेथील तंबूंच्या छावणीतून पुढे येणाऱ्या लोकांचा लोंढा मोठा होता व त्यासाठी कायमस्वरूपी जागा हवी होती. कोल्हापूरचे राजाराम महाराज 1940 साली वारले होते, गादीवर बालराजा होता आणि कारभार राजप्रतिनिधी मंडळाकडे होता. अशा वेळी हिंदुस्थान सरकारने वळिवड्याची जागा निवडली. बालाचडी आणि वळिवडे यांत एक महत्त्वाचा भेद होता. बालाचडी ही प्रामुख्याने अनाथ मुलांची, दानावर चालणारी छावणी होती. वळिवड्यात कुटुंबे होती, अनाथालय हा त्या छावणीचा एक भाग होता, आणि खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारवर होता. वळिवड्यातील आयांना भत्ता मिळे आणि त्या स्वतःच्या चुलीवर स्वयंपाक करत. मुलांच्या जीवनात या चुलीचे महत्त्व फार मोठे होते, कारण तीन वर्षे त्यांनी रांगेत उभे राहून अन्न घेतले होते आणि आता प्रथमच आईने हाक मारून जेवायला बोलावले.

छावणी म्हणजे कौलारू छपरांच्या लांबच लांब बराकींच्या रांगा. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या होत्या, आणि शेजारच्या खोलीतले भांडण, रडणे, प्रार्थना असे सगळे त्यांतून आरपार ऐकू येई. प्रत्येक कुटुंबाला खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी मिळाली. पहिल्या काही महिन्यांत लोकांनी पडव्यांपुढे फुलझाडे लावली आणि पाच हजार वस्तीचे एक पोलिश गाव उभे राहिले, ज्यात चर्च, इस्पितळ, टपाल, नाट्यगृह आणि दुकाने होती. कोल्हापुरातील व्यापाऱ्यांनी लगेच वसाहतीलगत बाजार थाटला, आणि फळे-भाजी घेऊन दारोदार येणारे विक्रेते कामापुरती पोलिश भाषा शिकले. मुले तशीच कामापुरती मराठी शिकली. सापविंचवांची भीती, कोयनेलच्या कडू गोळ्या, मच्छरदाणीत झोपणे आणि कौलांवर दिवसरात्र वाजणारा पाऊस, या गोष्टी त्यांच्या वळिवड्याच्या चित्रात हटकून असतात. ज्यांना फुप्फुसाचा विकार होता त्यांना पाचगणीच्या हवेत ठेवले जाई.

या गावाचा कणा शाळा हा होता. चार प्राथमिक शाळा, गिम्नाझ्युम म्हणजे माध्यमिक शाळा, तिच्यापुढचे लिसेयुम आणि व्यवसायशिक्षणाचे वर्ग, असा विस्तार थोड्याच काळात झाला. अडचण वयाची होती : चौदा वर्षांची मुलगी दुसरीपर्यंतच शिकलेली असे, कारण मधली वर्षे जंगलात गेलेली. म्हणून अभ्यासक्रम आवळून एका वर्षात दोन इयत्ता पुऱ्या केल्या जात. पाठ्यपुस्तके प्रथम नव्हतीच. शिक्षिका आठवणीतून फळ्यावर लिहीत आणि मुले उतरून घेत. नंतर जेरुसलेममध्ये पुन्हा छापलेली पोलिश पुस्तके येऊ लागली. शाळेबाहेरचा वेळ बालवीर चळवळीने व्यापला होता. पोलिश भाषेत ‘हार्त्सेर्स्त्वो’ म्हणून ओळखली जाणारी ही चळवळ खेळ, शेकोटी, कवायत यांच्याइतकीच देशभक्तीची शाळा होती. वांदा दिनोव्स्का ही पोलिश थिऑसफिस्ट महिला, जिला गांधीजींनी ‘उमादेवी’ हे नाव दिले होते, छावणीत येऊन भारतीय विचार व संस्कृती समजावून देई. तिच्याखेरीज आसपासच्या देशाची ओळख करून देणारे फारसे कोणी नव्हते. मुले पंचगंगेकाठी राहत होती, पण वर्गातला नकाशा व्हिस्तुला नदीचा होता.

येथे मुलांच्या साक्षीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्यांच्या आठवणींतील हिंदुस्थान उबदार, सुगंधी आणि पोटभर खाऊ घालणारा आहे, आणि ते खोटे नाही. पण ज्या वर्षी वळिवड्यात बराकींना कौले चढली त्याच 1943 साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. आणि वळिवड्याच्या उत्तरेला, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार इंग्रजी अंमल मोडून आपली न्यायालये चालवत होते. पोलिश मुले ज्या सरकारची पाहुणी होती त्याच सरकारविरुद्ध शेजारची खेडी लढत होती. छावणीतल्या मुलांच्या आठवणींत या लढ्याची छाया क्वचितच दिसते, आणि त्यात त्यांचा दोष काढता येत नाही. साम्राज्य नावाची वस्तू दहा वर्षांच्या डोळ्यांना दिसत नाही, त्यांना फक्त तिने दिलेला पाव दिसतो किंवा तिने हिरावलेला. स्वतः ज्या न्यायाने ही मुले सोव्हिएत संघाला ओळखत होती, तो न्याय उलट बाजूने येथे लागू होता.

मे 1944 मध्ये इटलीतील मोन्ते कास्सिनोच्या टेकडीवर आंदेर्स यांच्या पोलिश तुकड्यांनी मोठी झुंज देऊन 18 तारखेला मठावर झेंडा लावला. त्या तुकड्यांत वळिवड्यातील मुलांचे बाप आणि थोरले भाऊ होते; विजयाची बातमी आणि मृतांच्या नावांची बातमी छावणीत लागोपाठ पोचली. तरीही लढाई जिंकली की घरी जायचे, हा विश्वास टिकून होता. तो फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टा येथे मोडला. रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडचे पूर्वेकडील प्रांत सोव्हिएत संघाकडे राहतील हे मान्य केले, आणि छावणीतील बहुसंख्य मुलांची गावे नेमकी त्याच प्रांतांत होती. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारने शाळा चालवल्या, ज्याच्या नकाशावरून भूगोल शिकवला, ते सरकार आणि तो नकाशा दोन्ही काही महिन्यांत रद्द झाले. आपले घर जळलेले नाही, लुटलेलेही कदाचित नाही, पण ते आता दुसऱ्या देशात आहे, ही गोष्ट मुलांना समजावून सांगणे शिक्षिकांना किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते.

परत जायचे की नाही, या प्रश्नाने 1946 पासून छावणीतील कुटुंबे दुभंगली. वॉर्साच्या नव्या साम्यवादी सरकारचे म्हणणे होते की मुले पोलंडची आहेत आणि ती परत आली पाहिजेत. ज्यांना आईबाप होते त्यांचा निर्णय आईबापांनी घेतला. पेच अनाथांचा होता. बालाचडीची छावणी बंद होताना तेथील अनाथ मुलांना सक्तीने परत पाठवले जाईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा छावणीचे प्रमुख फादर फ्रांचिशेक प्लुता, जामसाहेब आणि एक इंग्रज अधिकारी यांनी मिळून या मुलांचे कायदेशीर पालकत्व घेतले. कागदावर का होईना, ‘बापू’ या शब्दाला न्यायालयाचा शिक्का मिळाला. मुले 1946 मध्ये वळिवड्याला आली आणि त्यांतील काहींना फादर प्लुता पुढे अमेरिकेला घेऊन गेले.

1947 आणि 1948 या वर्षांत वळिवडे ओसरत गेले. ज्यांचे बाप किंवा भाऊ ब्रिटनमध्ये सैन्यातून मोकळे होत होते त्यांची कुटुंबे मुंबईहून जहाजाने इंग्लंडला गेली. काहींना पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत हलवले, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे पोचली आणि थोडी पोलंडला परतली. एका पोलिश मुलीने कोल्हापुरातच लग्न करून मराठी घरात आयुष्य काढले. सत्तराहून अधिक माणसे कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत राहिली. महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ 1998 साली उभा राहिला, तोही छावणीत वाढलेल्यांनी साठीनंतर परत येऊन केलेल्या खटपटीने. वॉर्सात एका चौकाला ‘चांगल्या महाराजां’चे नाव आहे आणि कोल्हापूरच्या नावाचेही स्मारक आहे. छावणीतल्या मुलांनी म्हातारपणी स्वतःच कागदपत्रे व आठवणी जमवून आपला इतिहास लिहिला, आणि त्या जाडजूड ग्रंथात शाळेच्या वर्गांचे, बालवीर पथकांचे आणि नाटकांचे तपशील इतक्या बारकाईने आले आहेत, की सोव्हिएत वर्षांना त्यामानाने कमी जागा उरली आहे.

वळिवड्याच्या बराकी मात्र फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून हिंदू कुटुंबे कराचीच्या बंदरातून मुंबईला उतरली, तिथून जागोजागच्या छावण्यांत वाटली गेली, आणि त्यांतील काही कोल्हापूरच्या गाडीने या माळावर येऊन पोचली. कराचीहून मुंबईमार्गे वळिवडे, ही वाट थोड्याच वर्षांपूर्वी पोलिश मुलांनीही तुडवली होती. तट्ट्यांच्या त्याच भिंतींच्या आड आता सिंधी बोलणारी मुले झोपू लागली, आणि पुढे त्या वसाहतीचे नाव गांधीनगर पडले.